अदृश्य किरणांचा शोधक : विल्यम हर्शेल

जर्मनीतील हॅनोव्हर या शहरी आयझॅक हर्शेल नावाचा एक वादक राहत असे. पायदळाच्या बँडमध्ये तो ओबो नावाचे सुषिर वाद्य वाजवी. मिळकत बेताची आणि कुटुंब मोठे. परंतु या घराला विद्येची गोडी होती. रात्रीची जेवणे आटोपली, की बापलेकांमध्ये संगीतावर, गणितावर व तत्त्वज्ञानावर चर्चा रंगे. एखाद्या निरभ्र, थंड रात्री आयझॅक आपल्या मुलांना घराबाहेर नेऊन तारकापुंज दाखवी. अशा या घरात १५ नोव्हेंबर १७३८ रोजी विल्यम हर्शेल याचा जन्म झाला.

वयाच्या चौदाव्या वर्षी विल्यम वडिलांच्याच बँडमध्ये दाखल झाला. पुढे युरोपात युद्ध पेटले. १७५७ साली फ्रेंच सैन्याने हॅनोव्हरच्या प्रदेशावर स्वारी केली, तेव्हा वडिलांच्या सल्ल्यावरून त्याने पलटण सोडली व भाऊ जेकब याच्यासह तो इंग्लंडला गेला. त्या वेळी तो अवघा अठरा वर्षांचा होता. परका देश, परकी भाषा आणि रिकामा खिसा, अशी त्याची स्थिती होती. आरंभी इतरांची स्वरलेखने नकलून देऊन त्याने पोट भरले. त्यानंतर उत्तर इंग्लंडमधील गावोगावी त्याने वादक, शिक्षक आणि रचनाकार म्हणून काम केले. १७६६ साली बाथ या शहरातील ऑक्टागन चॅपेलमध्ये त्याची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली, आणि त्याच्या जीवनाला प्रथमच स्थैर्य लाभले.

बाथमध्ये हर्शेलला नावलौकिक मिळाला. शिष्य पुष्कळ होते, जलशांची निमंत्रणे येत होती आणि प्राप्तीही चांगली होती. एखादा मनुष्य एवढ्यावर संतुष्ट झाला असता. परंतु हर्शेलच्या जिज्ञासेला विश्रांती ठाऊक नव्हती. सुरांचे परस्परांशी नाते काय, हे समजावे म्हणून त्याने रॉबर्ट स्मिथ या विद्वानाचा स्वरशास्त्रावरील ग्रंथ अभ्यासिला. त्यासाठी त्याला गणित शिकावे लागले. मग त्याच लेखकाचा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हाती पडला, आणि दुर्बिणी कशा तयार करतात हे त्यात त्याने वाचले. दिवसभर शिकवण्या करून थकलेला हा वादक रात्री अंथरुणावर ग्रंथ घेऊन वाचत पडे. अशा रीतीने संगीताच्या वाटेने चालता चालता तो आकाशाच्या दाराशी येऊन पोहोचला.

१७७२ साली त्याने आपली धाकटी बहीण कॅरोलाइन हिला हॅनोव्हरहून आणले. ही मुलगी विल्यमहून अकरा वर्षांनी लहान होती. बालपणी झालेल्या तापामुळे तिची उंची खुंटली होती, आणि तिने घरकामापलीकडे काही शिकू नये अशी आईची इच्छा होती. तिच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून विल्यमने आईला दरसाल ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले, तेव्हा कोठे तिची सुटका झाली. त्याने तिला गायन शिकविले, इंग्रजी शिकविले, हिशेब शिकविले. पुढील पन्नास वर्षे भावाच्या प्रत्येक कार्यात तिचा हात होता.

चांगली मोठी दुर्बीण विकत घेणे हर्शेलच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून ती आपणच करावी असे त्याने ठरविले. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा ओतून, तो घासून, अचूक वक्राकार येईपर्यंत त्याला झिलई द्यावयाची, हे काम अतिशय कष्टाचे होते. झिलई देताना हात थांबला तर सारे श्रम वाया जात. एकदा हर्शेलने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. त्या वेळी कॅरोलाइन त्याला घास भरवीत असे. घराची कार्यशाळा झाली. दिवाणखान्यात सुतार बसला. १७८१ साली एक मोठा आरसा ओतताना मूस फुटली आणि तापलेला रस फरशीवर पसरला. फरशीचे दगड फुटून उडू लागले व साऱ्यांना पळ काढावा लागला. परंतु हर्शेलने हा नाद सोडला नाही. त्याच्या दुर्बिणी लवकरच इंग्लंडमधील कोणत्याही वेधशाळेच्या दुर्बिणींहून सरस ठरल्या.

या श्रमांचे फळ त्याच वर्षी मिळाले. १३ मार्च १७८१ च्या रात्री आपल्या घरामागील बागेतून तो आकाश पाहत होता. मिथुन व वृषभ या राशींच्या सीमेवर त्याला एक ज्योती दिसली. ती ताऱ्याप्रमाणे बिंदुरूप नव्हती; तिला लहानशी चकती होती. काही दिवसांनी ती जागेवरून सरकलेली आढळली. हा धूमकेतू असावा असे हर्शेलला वाटले. परंतु गणितज्ञांनी तिची कक्षा मांडली, तेव्हा तो शनीच्याही दुप्पट अंतरावरून सूर्याभोवती फिरणारा नवा ग्रह ठरला. हाच युरेनस होय. प्राचीन काळापासून शनी हीच ग्रहमालेची सीमा मानली जात असे; एका संगीतशिक्षकाने ती एका रात्रीत दूर लोटली. रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले व कोप्ले पदक दिले. १७८२ साली राजा तिसरा जॉर्ज याने त्याला दरसाल २०० पौंडांचे वेतन लावून दिले. संगीतातील प्राप्तीहून ही रक्कम कमी होती. तथापि हर्शेलने ती आनंदाने स्वीकारली, कारण आता साऱ्या रात्री त्याच्या झाल्या होत्या.

बाथ सोडून तो प्रथम डॅचेट येथे व पुढे १७८६ साली स्लाउ या गावी राहावयास गेला. आकाशाचा कोपरान्‌कोपरा क्रमाने तपासावा, असा संकल्प त्याने १७८३ मध्ये सोडला होता. वीस फूट लांबीच्या दुर्बिणीजवळ उंच माचावर उभा राहून तो जे दिसेल ते मोठ्याने सांगे. खाली दिव्यापाशी कॅरोलाइन घड्याळ पाहून त्याची नोंद करी. त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री, बर्फ साचलेल्या अंधारात भावाच्या हाकेसरशी धावताना तिच्या मांडीत लोखंडी आकडा रुतला. जखम खोल होती, तरी काही दिवसांत ती पुन्हा कामावर हजर झाली. वीस वर्षे चाललेल्या या शोधातून अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छ यांची नोंद झाली. कॅरोलाइनने स्वतः आठ धूमकेतू शोधून काढले, आणि १७८७ पासून तिलाही राजाकडून दरसाल ५० पौंड वेतन मिळू लागले.

आकाश असे चाळीत असता हर्शेलला एक विलक्षण गोष्ट आढळली. दाट तारकांच्या प्रदेशात मध्येच अशा काही जागा येत, की तेथे दुर्बिणीतून एकही तारा दिसत नसे. वृश्चिक राशीत अशी एक जागा होती. तिची रुंदी सुमारे चार अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या आठपट होती. ती काळीभोर जागा पाहून हर्शेल चकित झाला. आकाशाला येथे भोकच पडले आहे, असे त्याला वाटले. त्या जागेच्या पश्चिम काठावर एक दाट तारकागुच्छ होता. त्यावरून त्याने तर्क केला, की येथील तारे गुरुत्वाकर्षणाने ओढले जाऊन त्या गुच्छात गोळा झाले असावेत आणि मागे ही रिकामी जागा उरली असावी. १७८५ साली त्याने ही कल्पना प्रसिद्ध केली. कल्पना सुसंगत होती, परंतु ती चूक होती. जेथे काही दिसत नाही तेथे काही नाही, हे गृहीत धरण्यात ती चूक दडलेली होती.

यानंतरच्या काळात हर्शेलने चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. तिच्या आरशाचा व्यास चार फूट होता व तिच्यासाठी राजाने ४,००० पौंड दिले. १७८९ साली तिच्या साहाय्याने शनीचे दोन नवे उपग्रह सापडले. हर्शेलची कीर्ती युरोपभर पसरली. पण त्याचा सर्वांत दूरगामी शोध या अवाढव्य यंत्राने लागला नाही. तो लागला काचेचा एक लोलक, काही उष्णतामापक आणि एक मेज एवढ्याच सामग्रीने.

ते वर्ष होते १८००. हर्शेल सूर्याचे निरीक्षण करीत होता. सूर्याच्या प्रखर तेजाने डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून तो दुर्बिणीला निरनिराळ्या रंगांच्या गडद काचा लावी. काही काचांमधून प्रकाश फार थोडा येई, तरीही डोळ्याला उष्णता जाणवे. काहींमधून प्रकाश पुष्कळ येई, पण उष्णता जवळजवळ जाणवत नसे. दुसऱ्या एखाद्याने सोयीची काच निवडून काम पुढे चालविले असते. हर्शेल मात्र तेथेच थांबला. सर्व रंगांत उष्णता सारखीच असते की कमीअधिक, हे पाहण्याचे त्याने ठरविले.

त्याने सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला व मेजावर त्याचा सप्तरंगी वर्णपट पाडला. उष्णता चांगली शोषली जावी म्हणून त्याने उष्णतामापकांचे फुगे काळे केले होते. एक उष्णतामापक त्याने एकेका रंगात ठेवला व इतर उष्णतामापक तुलनेसाठी बाजूला ठेवले. जांभळ्या रंगात पारा सुमारे २ फॅरनहाइट अंश चढला, हिरव्यात सव्वातीन अंश, तर तांबड्यात जवळजवळ ७ अंश. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना उष्णता वाढत होती. मग ती तांबड्याच्या काठाशी एकदम कशी थांबेल, ही शंका हर्शेलच्या मनात आली. त्याने उष्णतामापक तांबड्या रंगाच्या पलीकडे अर्धा इंच सरकविला. तेथे मेजावर कोणताही रंग दिसत नव्हता. तरीही दहा मिनिटांत पारा साडेसहा अंश चढला!

वर्णपटाला डोळ्याच्या मर्यादेपलीकडेही विस्तार आहे, हे मानवाला प्रथमच कळले. आज या किरणांना अवरक्त किरण असे म्हणतात. हर्शेलने पुढे शेगडी, मेणबत्ती व तापलेले लोखंड यांच्यापासून निघणाऱ्या अदृश्य उष्णतेवरही प्रयोग केले. हे किरण प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात व भिंगातून जाताना वळतात, हे त्याने दाखविले. त्या वर्षी त्याने रॉयल सोसायटीपुढे या विषयावर चार निबंध सादर केले. हे किरण म्हणजे न दिसणारा प्रकाशच होय, असे त्याला आरंभी वाटत होते. परंतु पुढील प्रयोगांत काचा व द्रवपदार्थ यांतून प्रकाश आणि उष्णता निरनिराळ्या प्रमाणात पार जातात असे दिसून आले, तेव्हा त्याने आपले मत सोडून दिले व या दोन वस्तू भिन्न असाव्यात असे लिहिले. वस्तुतः त्याचे पहिले मतच बरोबर होते. पुढे इटलीतील मेलोनी प्रभृती शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी ते प्रस्थापित केले.

अशा रीतीने हर्शेलच्या टिपणवह्यांत दोन नोंदी दूरदूर पडून राहिल्या. एक आकाशातील काळ्या, रिकाम्या वाटणाऱ्या जागांची, तर दुसरी तांबड्यापलीकडील अदृश्य किरणांची. पहिलीचे कोडे दुसरीने सुटणार होते. परंतु हे त्याच्या हयातीत कोणालाही ठाऊक नव्हते. १८२१ मध्ये तो लंडनच्या खगोलशास्त्रीय सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला, आणि २५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, स्लाउ येथे त्याचे निधन झाले.

भावाच्या निधनानंतर कॅरोलाइन हॅनोव्हरला परतली. वृश्चिकातील ती जागा मात्र ती विसरली नाही. विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल हाही थोर ज्योतिर्विद होता. १८३३ साली तो दक्षिण आकाश पाहण्यासाठी आफ्रिकेच्या टोकाकडे निघाला, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याने त्याला पत्र लिहून वृश्चिकाचा तो भाग नीट पाहण्यास सांगितले. इंग्लंडमधून वृश्चिक क्षितिजालगतच दिसतो. दक्षिणेत तो डोक्यावर येतो. तेथे केवळ पोकळी नसून आणखी काही असावे, अशी शंका तिच्या मनात घर करून होती.

ती शंका खरी ठरण्यास बराच काळ लागला. अमेरिकन ज्योतिर्विद बर्नार्ड याने अशा काळ्या जागांची असंख्य छायाचित्रे घेतली व १९१९ साली १८२ जागांची यादी प्रसिद्ध केली. ही भोके नसून मागील ताऱ्यांना झाकणारे पडदे आहेत, हे हळूहळू मान्य झाले. वृश्चिक व भुजंगधारी यांच्या सीमेवरील हर्शेलची ती रिकामी जागा म्हणजे पृथ्वीपासून सुमारे ४५० प्रकाशवर्षे अंतरावरील वायू व धूळ यांचा प्रचंड मेघ आहे. त्यातील धुळीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. दृश्य प्रकाशाच्या लहरी त्यांच्यामुळे शोषल्या जातात अथवा विखुरतात. अवरक्त लहरी अधिक लांब असल्यामुळे त्यांतील पुष्कळशा या कणांना वळसा घालून पुढे जातात.

एवढेच नव्हे, तर हे मेघ स्वतःही अवरक्त किरण बाहेर टाकतात. त्यांच्या गाभ्यातील धूळ शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस इतकी थंड असते. पण वस्तू कितीही थंड असली तरी तिच्यात जी अल्पस्वल्प उष्णता असते, ती किरणरूपाने बाहेर पडतच असते. वस्तू जितकी थंड, तितकी त्या किरणांची तरंगलांबी मोठी. या धुळीसोबत असलेल्या वायूचे रेणूही मंद गतीने फिरत असतात. प्रत्येक जातीचा रेणू ठरावीक तरंगलांबीचेच किरण देतो वा घेतो. जणू प्रत्येकाचा सूर ठरलेला आहे. येणाऱ्या किरणांचा वर्णपट पाडला, की कोणत्या तरंगलांबीवर तेजाची रेघ आहे व कोठे तूट आहे हे कळते. त्यावरून त्या मेघात कोणते द्रव्य आहे, ते किती थंड आहे आणि कोणत्या वेगाने हलत आहे, हे सांगता येते. हर्शेलने मेजावर उष्णतामापक सरकवून जे केले, त्याचेच हे विकसित रूप होय.

मात्र पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प या लांब लहरींपैकी बहुतेक शोषून घेते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. १४ मे २००९ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने साडेतीन मीटर व्यासाचा आरसा असलेली अशी दुर्बीण सोडली आणि तिला हर्शेल हेच नाव दिले. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावर राहून तिने काम केले. यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेने हे क्षीण किरण झाकले जाऊ नयेत म्हणून तिच्यात दोन हजार लिटरांहून अधिक द्रवरूप हेलियम भरले होते. ते संपले तेव्हा, २९ एप्रिल २०१३ रोजी, तिचे निरीक्षण थांबले. तोपर्यंत तिने काळ्या मेघांतील धुळीचे तंतूंसारखे धागे आणि त्या धाग्यांवर आकार घेणारे भावी तारे दाखविले होते. वृषभ राशीतील एका थंड मेघाच्या गाभ्यात तिला पाण्याची वाफ सापडली. तेथे अद्याप तारा जन्मलेलाही नव्हता, तरी ती वाफ पृथ्वीवरील महासागरांच्या पाण्याच्या दोन हजार पटींहून अधिक होती. जुलै २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेले हर्शेलच्या वृश्चिकाजवळील मेघाचे अवरक्त छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ५० तरुण तारे दिसले. ज्या जागेतील तारे निघून गेले असे हर्शेलला वाटले होते, त्याच जागी तारे जन्माला येत आहेत.

उन्हाळ्याच्या रात्री महाराष्ट्रातून वृश्चिक रास दक्षिणेकडे चांगली उंच आलेली दिसते. तिच्या मध्यावरील तांबूस, तेजस्वी तारा म्हणजे ज्येष्ठा. ज्येष्ठेच्या थोडे उत्तरेस तो मेघ आहे. नुसत्या डोळ्यांना ती जागा आजही रिकामीच भासते. हर्शेललाही ती तशीच भासली होती. पण ती रिकामी नाही हे ज्यांच्यामुळे उमगले, ते किरणही त्यानेच दाखवून दिले होते.